दोन दिवसांनी परत बोलवा

४ नोव्हेंबर, सोमवार

आज टेबलावर दोनशेवर पानांचं एक धूड येऊन पडलंय. लहान मुलांच्या खोकल्याची नवी मार्गदर्शिका. कुठल्या खोकल्याला अँटिबायोटिक द्यावं नि कुठल्याला देऊ नये, एवढ्यावर जगभरच्या तज्ज्ञांनी काही वर्षं डोकं फोडलंय. साहेब म्हणाले, "बाई, शुक्रवारी मंत्र्यांकडे न्यायचीय. एक पान करा."

एक पान म्हणजे एकच पान, तेही पाठकोरं. साहेबांची ही जुनीच रीत आहे. कागद हातात आला की आधी उलटा करून बघणार, मागे छापलेलं दिसलं की न वाचता परत पाठवणार. दुसरा नियम, जर-तर नको. "मंत्र्यांसमोर 'जर' म्हटलं की ते फोन काढतात," असं साहेब म्हणतात. खरंही आहे ते, मी पाहिलंय.

ऑफिसात माझं नाव 'कात्री' पडलंय. तोंडावर नाही म्हणत, पण मला माहीत आहे आणि मला ते आवडतं. बाकीचे दोनशे पानं वाचून दोनशे पानं बोलतात. मी एक पान लिहिते आणि त्या पानाचं परिपत्रक होतं, ते साडेतीनशे दवाखान्यांच्या भिंतीवर लागतं. शहाणपण कपाटात ठेवून कुणाचा खोकला गेलाय?

६ नोव्हेंबर, बुधवार

धूड निम्मं वाचून झालं. गोष्ट साधी आहे. दहातल्या आठ-नऊ मुलांचा खोकला आपला आपण बरा होतो. मूल भरभर श्वास घेत नसेल, छाती आत ओढली जात नसेल, दूध-पाणी घेत असेल, तर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. उलट ते उगाच दिलं की पुढे खरी गरज पडते तेव्हा लागू पडत नाही.

संध्याकाळी वहिनीला सांगितलं. ती दवाखान्यात मुलांच्या विभागात नर्स आहे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, बाकी दिवस पोरं हीच बघते. ती म्हणाली, "ताई, हे मला सांगून काय उपयोग? आयांना सांगा. औषधाची बाटली हातात दिल्याशिवाय बाकावरून उठत नाहीत. परवा एक म्हणाली, 'पिवळं नसेल तर गुलाबी तरी द्या!'"

दादा चष्म्याच्या काचा पुसत होता, तोही हसला. त्याचं चष्म्याचं दुकान खाली आणि आम्ही तिघं वर. वहिनी माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, पण मी नणंद म्हणून मला 'ताई' आणि 'तुम्ही' करते. मी तिला 'अगं-तुगं' करते. कितीदा म्हटलं, मलाही 'तू' म्हण. तर म्हणते, "जिभेला वळण पडलंय." माझ्या नोकरीचा तिला फार अभिमान. शेजारणींना सांगते, आमच्या ताई सरकारला शिकवतात.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

पान झालं! पण शेवटच्या तासाला जीव खाल्ला त्याने.

सकाळी सगळं बरोबर बसलं होतं. मग साहेब आले आणि म्हणाले, वर मंत्र्यांचा संदेश हवा. चार ओळींचा संदेश, "आपली बालके हीच आपली संपत्ती" वगैरे. तो घातला तर खालच्या दोन ओळी मागच्या पानावर गेल्या. म्हणजे दोन ओळी कापणं आलं.

मी काही डोळे मिटून कापत नाही. मार्गदर्शिकेत प्रत्येक सूचनेपुढे तिच्यामागचा पुरावा कसा आहे ते लिहिलेलं असतं: भक्कम, मध्यम, कमकुवत. मी 'कमकुवत' शोधत खाली आले. माझ्या पानावर तशी एकच होती: "अँटिबायोटिक न दिलेल्या मुलाला दोन दिवसांनी परत बोलवून तपासावे. ते शक्य नसल्यास निर्णय तपासणाऱ्यावर सोडावा." आमच्या आकडेवारीवाल्याला, म्हणजे टक्केला, विचारलं की हे कमकुवत का. (बायकोशी भांडण झालं तरी 'साठ टक्के चूक माझी' म्हणतो, म्हणून टक्के.) त्याने बघितलं आणि म्हणाला, "यावर कुणी अभ्यासच केलेला नाही. नुसतं तज्ज्ञांचं मत आहे."

नुसतं मत. शिवाय त्यात 'शक्य नसल्यास' आहेच, म्हणजे साहेबांचं नावडतं जर-तर. कापलं. पान एकदम सुटसुटीत दिसायला लागलं.

मंत्र्यांनी पूर्ण वाचलं म्हणे. साहेब खूश.

२५ नोव्हेंबर, सोमवार

परिपत्रक गेलं. रंगीत आहे. माझे शब्द जसेच्या तसे, स्वल्पविरामासकट. वहिनीच्या दवाखान्यातही लागलं. तिने बाकावरच्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि शेवटी म्हणाली, "हे आमच्या ताईंनी लिहिलंय, माझ्याशी भांडू नका." एकीने विचारलं, तुमच्या ताईंना पोरं किती? घरी येऊन ही सांगते आणि स्वतःच हसते. मलाही हसावं लागलं.

२ डिसेंबर, सोमवार

सकाळी चहाच्या वेळी वहिनी म्हणाली, "ताई, एक विचारू? औषध न देता पाठवलेली पोरं, त्यांना दोन दिवसांनी परत बोलवू का? तेवढंच बघितल्यासारखं होईल."

मी पर्समध्ये किल्ली शोधत होते. म्हटलं, "पानावर आहे का तसं?"

"नाही."

"मग नको."

ती म्हणाली, "बरं."

खरं कारण तिला सांगितलं नाही, इथे लिहिते. साहेबांनी दवाखान्यातली गर्दी कमी करायची मोहीम काढलीय. एकच मूल पुन्हा पुन्हा आलं की त्या दवाखान्याचं नाव लाल रंगात येतं. पुढच्या आठवड्यात साडेतीनशे दवाखान्यांचा तक्ता पडद्यावर लागणार आणि माझ्याच वहिनीचा दवाखाना लाल? टक्के जन्मभर चिडवेल. तसंही ती सूचना कमकुवत होती. मी काही खोटं नाही बोलले.

९ डिसेंबर, सोमवार

तक्ता लागला. अँटिबायोटिक निम्म्यावर आलं! एका महिन्याच्या आत! साहेब उभं राहून म्हणाले, "याला म्हणतात सुंठीवाचून खोकला गेला," आणि सगळं सभागृह हसलं. मला पुढे बोलावलं. वहिनीचा दवाखाना हिरवा, वरून सातवा. मी घरी जाऊन सांगितलं तर वहिनी लाजली आणि दादाने दुकानातून वर येऊन मला नवी फ्रेम दिली. म्हणे मोठ्या सभांना जायचं तर हे जुनं जाड चौकटीचं चालणार नाही.

बाहेरच्या पाहुण्यांसमोर बोलायला मला पाठवणार आहेत. विषय: पुरावा ते अंमल. बारा मिनिटं.

१२ डिसेंबर, गुरुवार

वहिनी आज उशिरा आली. हातपाय न धुता खुर्चीत बसली. तिला तसं बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

तीन वर्षांची मुलगी आहे. सोमवारी आई घेऊन आली होती. खोकला, थोडा ताप, श्वास साधा, खेळत होती. वहिनीचा स्टेथोस्कोप ओढत होती म्हणे. औषध दिलं नाही, घरी पाठवली. आज सकाळी आईने उचलून आणली तर ओठ निळे. मोठ्या इस्पितळात नेली, वहिनी रुग्णवाहिकेत बरोबर गेली. न्यूमोनिया दोन्हीकडे.

आई म्हणत होती, बुधवारीच जास्त वाटत होतं, पण दवाखान्यात 'काही नाही' म्हणाले होते ना, म्हणून थांबले.

मी म्हटलं, "वहिनी, सोमवारी तुझं काही चुकलं नाही. सोमवारी श्वास साधा होता."

ती म्हणाली, "सोमवारी नाही चुकलं." आणि उठून नळाखाली हात धरून उभी राहिली. बराच वेळ पाणी चालू होतं. सोमवार अधिक दोन म्हणजे बुधवार, हा हिशोब कुणीही करेल. मी केला.

१३ डिसेंबर, शुक्रवार

मुलगी गेली.

१४ डिसेंबर, शनिवार

ऑफिसला सुट्टी. भाषणाची तयारी करायची होती, नाही केली. मार्गदर्शिका घरी आणली होती ती उघडली. टक्के म्हणाला होता, यावर अभ्यासच केलेला नाही. आज डोक्यात प्रकाश पडला की का नाही केला. अभ्यास करायचा म्हणजे निम्म्या पोरांना परत बोलवायचं, निम्म्यांना बोलवायचं नाही आणि कुठली जगतात ते बघायचं. आईच्या पोटी जन्मलेल्या कुठल्या डॉक्टरला हे करवेल? आगीत हात घालू नये यावर तरी कोणी अभ्यास केलाय? पुरावा कमकुवत होता, सूचना कमकुवत नव्हती. वीस वर्षं हेच काम करतेय मी. शिकाऊ पोरीला कळेल असं हे मला त्या शुक्रवारी कळलं नाही, कारण मला दोन ओळी हव्या होत्या.

नाही, अजून खरं लिहायचं तर, कळायची इच्छा नव्हती. आणि पानाचं एक वेळ सोडा. चहाच्या वेळी ती विचारत होती तेव्हा कुठे दोन ओळींची टंचाई होती? तेव्हा तर 'हो' हा एकच शब्द पुरला असता.

१७ डिसेंबर, मंगळवार

चौकशी लागली. वहिनीला घरी बसायला सांगितलंय. नोकरी जाईल, नर्स म्हणून नोंदणीही जाईल, म्हणजे पुन्हा कुठेच काम नाही. पंचवीस वर्षं पोरांच्या छातीला कान लावलेली बाई.

आज चौकशीवाल्यांकडून आमच्या ऑफिसला एक प्रश्न आला: औषध न दिलेल्या मुलास दोन दिवसांनी परत बोलवावे, अशी सूचना मार्गदर्शिकेत आहे काय?

साहेब म्हणाले, "आहे की नाही?"

मी म्हटलं, "मार्गदर्शिकेत आहे. पानावर नाही."

"त्यांनी पानाचं विचारलंय का?"

"नाही."

"मग विचारलंय तेवढ्याचं उत्तर द्या. बाई, तुम्हाला मी शिकवू?"

मी लिहिलं: "होय, सदर सूचना मार्गदर्शिकेत आहे." सही केली. एका ओळीत काम झालं. यात एक अक्षर खोटं नाही. आणि याच अक्षरांनी वहिनीचा गळा आवळला, कारण आता म्हणतील, सूचना होती, बाईने पाळली नाही. तिला ती दोनशे पानं कुणी दिलीच नव्हती हे कोण विचारतंय.

सहीसुद्धा नेहमीसारखी आली, वळणदार. लाज वाटते.

२० डिसेंबर, शुक्रवार

साहेबांनी 'सुधारित' पान करायला सांगितलं. "ती परत बोलवायची ओळ घाला. गाजावाजा नको, नुसतं बदलून पाठवा."

मंत्र्यांच्या संदेशातली 'उज्ज्वल' आणि 'दैदीप्यमान' ही दोन विशेषणं काढली, अक्षर अर्ध्या पॉइंटने बारीक केलं. दोन्ही ओळी बसल्या. वर जागाही उरली.

बाहेरच्या पाहुण्यांसमोरचं भाषण टक्के करणार आहे. मी तब्येतीचं कारण सांगितलं. तो म्हणाला, "नव्वद टक्के तू घाबरलीयेस." मी म्हटलं, शंभर.

२३ डिसेंबर, सोमवार

वहिनी घरी असते तेव्हा घर इतकं चकचकीत असतं की पाय ठेवायची भीती वाटते. सगळी कपाटं रिकामी करून पुन्हा लावली. माझ्या खोलीचे पडदेही धुतले. मला काहीच म्हणत नाही. 'ताई चहा', 'ताई पाणी आलंय'. एकदा तरी तोंडावर म्हण ना बाई, तुमच्यामुळे झालं! मी रोज वाट बघते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय, भांडं जोरात ठेवलं तरी वाटतं मलाच ऐकवलं.

आज दुकानात गेले तर दादा म्हणाला, "ती मला काही सांगत नाही. तुझ्याशी बोलते. तिने तुला विचारलं होतं का गं काही? परत बोलवण्याबद्दल वगैरे?"

मी म्हटलं, "मला कशाला विचारेल?"

"तसं नाही, प्रत्येक गोष्ट तुला विचारते ती. वांगी कुठली घ्यायची तेही."

"हे नाही विचारलं."

त्याने मान हलवली नि काच घासायला घेतली. लहानपणी माझ्या हातून कपबशी फुटली की हा स्वतःचं नाव पुढे करायचा. त्याला मी दुकानात उभी राहून, डोळ्यांत बघून खोटं सांगितलं. नवी फ्रेम होती डोळ्यांवर, त्यानेच दिलेली.

२ जानेवारी, गुरुवार

सोमवारी सुनावणी आहे. ऑफिसतर्फे पानाबद्दल सांगायला मला बोलावलंय. साहेब म्हणाले, "विचारतील तेवढंच."

ठरवलं. सांगून टाकणार. पान मी कापलं, आणि घरी विचारलं तेव्हा 'नको' मीच म्हटलं. माझं जे व्हायचं ते होवो. ठरवल्यावर आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. वहिनीने वाढताना दोनदा बघितलं माझ्याकडे. तिला कळलं असावं. बरं वाटलं.

६ जानेवारी, सोमवार

जसं झालं तसं लिहिते, आडपडदा न ठेवता.

लांबट खोली, हिरव्या कापडाचं टेबल. मधे चौकशीचे डॉक्टर, म्हातारे, शांत, तुसडे अजिबात नाहीत. एका बाजूला वहिनी, तिच्यासमोर मी. मुलीची आई मागच्या खुर्चीत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

आधी मला पानाबद्दल विचारलं. सांगितलं, जागेअभावी काही सूचना वगळाव्या लागल्या, त्यात ही होती. डॉक्टर म्हणाले, "हे नेहमीचंच आहे. थोडक्यात लिहिणं हा काही गुन्हा नाही. अनुभवी नर्सला परत बोलवायचं सुचायला हवं." म्हणजे माझं अर्धं पाप त्यांनी फुंकरीने उडवून दिलं. उरलं अर्धं.

मग वहिनीला विचारलं, "का नाही बोलावलंत?"

"नाही बोलावलं."

"सुचलं नाही?"

मग डॉक्टरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "तुम्ही दोघी एका घरात राहता असं दिसतंय. घरी याबद्दल काही बोलणं झालं होतं? कुणी तुम्हाला बोलवू नका असं सांगितलं?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. चांगलं बघितलं, घाई नव्हती तिला. पंखा फिरत होता. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता, त्याच्या तळाशी काहीतरी कचरा होता, मी तो बघत होते. आता बोलते, आता बोलते असं मनात म्हणत होते.

वहिनी म्हणाली, "नाही."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "बाई, तुमचं?"

मी म्हटलं, "नाही."

आणि मला हायसं वाटलं. हे लिहायलाच हवं. लाज, दुःख, सगळं नंतर आलं. पहिल्यांदा हायसं वाटलं, बसायला जागा मिळाल्यासारखं.

येताना बसमध्ये शेजारी बसलो. मी तिचा हात धरला नि म्हटलं, "वहिनी, तू मला वाचवलंस."

तिने हात सोडवून घेतला नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "वाचवलं कुठे? मी वाट बघत होते, ताई."

पुढे दोन थांबे गेले. मग मी म्हटलं, उद्या जाते, सगळं सांगते. ती म्हणाली, "जा." एवढंच.

७ जानेवारी, मंगळवार

गेले. रजा टाकून गेले. डॉक्टर एकटेच होते, मला बसायला सांगितलं. सगळं सांगितलं. चहाची वेळ, किल्ली, 'पानावर आहे का', 'मग नको'. लाल नाव नको होतं तेसुद्धा. सांगताना रडले.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, काल तुम्ही दोघी समोरासमोर होतात. मी सरळ विचारलं. दोघींनी 'नाही' सांगितलं."

"मी खोटं बोलले."

"त्याही?"

आता काय सांगणार? 'हो' म्हणावं तर वहिनी चौकशीत खोटं बोलली असं होतं. 'नाही' म्हणावं तर मी आज खोटं बोलतेय असं होतं.

ते म्हणाले, "घरच्या माणसासाठी जीव तुटतो, मला समजतं. काल रात्री घरात बोलणं झालं असेल. पण हे मी लिहून घेतलं तर त्या मुलीची आई काय म्हणेल? मोठ्या ऑफिसातल्या बाईने येऊन आपली माणसं सोडवली, असंच ना? काल बोलला असतात तर गोष्ट वेगळी होती."

मी म्हटलं, तरी लिहून घ्या. म्हणाले, लिहितो. लिहिलंही, मी सही केली. पण त्यांच्या चेहऱ्यावरची दया बघून कळलं की या कागदाला काडीची किंमत नाही. आयुष्यभर लोकांना शिकवत आले, पुरावा वेळेवर यायला हवा. नशीब बघा.

घरी येऊन दादाला सांगितलं. पहिल्यांदा, सगळं. त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं नि स्टुलावर बसून राहिला. मी म्हटलं, "बोल ना काहीतरी. ओरड तरी." तो म्हणाला, "त्या दिवशी दुकानात विचारलं होतं मी तुला." आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठला.

१५ जानेवारी, बुधवार

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. म्हणाले, "सुधारित पानामुळे आता किती पोरं वाचतील याचा विचार करा. तुम्ही गेलात तर पुढचं पान कोण करणार?" यात तथ्य आहे, म्हणूनच वाईट. राजीनामा पर्समधून काढला नाही. खरं तर लिहिलाच नव्हता, कोरा कागद होता.

२० जानेवारी, सोमवार

वहिनीचा निकाल आला. नोकरी गेली. नोंदणी तीन वर्षांसाठी बंद. माझं म्हणणं 'विचारात घेण्यात आले', असं एक वाक्य आहे त्यात. दादाने मोठ्याने वाचलं. वहिनी ऐकत होती, मधेच उठून तिने गॅस बारीक केला.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी वहिनी बाहेर जायला निघाली. विचारलं, कुठे. म्हणाली, मुलीच्या आईकडे. गेले काही आठवडे दर रविवारी जाते म्हणे! मला पत्ताच नाही. पहिल्यांदा गेली तेव्हा त्या बाईने दार उघडून तिला शिव्या घातल्या आणि दार लावलं. दुसऱ्यांदा दार लावलं नाही. मागच्या रविवारी बसायला सांगितलं. बोलत काही नाहीत, ती बाई कपड्यांच्या घड्या घालते, ही मदत करते. लहान कपडे अजून कपाटात आहेत, त्यांना कुणी हात लावत नाही.

"काय सांगतेस तू तिला?" मी विचारलं.

"माझ्या हातून झालं म्हणून सांगितलं. खरंच आहे ते. मला वाटत होतं बोलवावं, तरी विचारत बसले."

मी पायात चपला सरकवल्या. म्हटलं, "मी येते तुझ्याबरोबर."

वहिनी जिन्यात थांबली. रागावली नव्हती. घरात कोण पाहुणा येणार ते विचारावं तसं साधं विचारलं तिने.

"काय म्हणून येणार, ताई?"

तिने थोडी वाट पाहिली, मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि खाली उतरून गेली. मी चपला घालून दारात उभी होते.